पडदा विचारतो, यंत्र सांगते

कारखान्यातील स्पर्शपडद्यावर भट्टीचे तापमान दिसते, तेव्हा ते पडदाच मोजतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो नियंत्रकाला, म्हणजे पीएलसीला, सतत विचारत असतो. या संवादाचे ‘मॉडबस’ हे नियम अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली प्रसिद्ध केले. विचारणारा एकच, उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला १ ते २४७ पैकी वेगळा क्रमांक. वेग व पॅरिटी दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर तारा नीट जोडूनही संवाद जुळत नाही. आरटीयू पद्धतीत निरोपाच्या शेवटी तपासणीचे १६ बिट असतात. ते जुळले नाहीत तर निरोप बाद! भट्टीपाशी चुकीचा आकडा दिसण्यापेक्षा तो न दिसणे बरे. नियम खुले राहिल्याने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रेही एकमेकांशी बोलू लागली, हे आपण विसरू नये.