खैराच्या रंगाची शिडे

मराठी मुलखाच्या सागरी इतिहासावरील ग्रंथांत किल्ले, तोफा आणि तह यांचे वर्णन विपुल आढळते, जहाजबांधणीस लागणाऱ्या सागवानाचीही आदराने दखल घेतलेली दिसते. परंतु ज्या कापडाच्या जोरावर ही सारी तरांडी हलत होती त्या कापडाची निगा कशाने राखली जात असे, आणि त्यासाठी लागणारा जिन्नस कोणाच्या कष्टातून निर्माण होत असे, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची अशी समजूत असते की, शिडाचा नाश होतो तो वादळात. वास्तविक सुती अथवा जवसाच्या (फ्लॅक्सच्या) धाग्याच्या शिडाचा खरा घात होतो तो बंदरात, वारा पडल्यावर, ओले शीड तसेच गुंडाळून ठेवले असता. कापूस काय आणि युरोपातला फ्लॅक्सचा धागा काय, दोन्ही वनस्पतीचेच अंश. ओलावा आणि ऊब मिळाली की बुरशी त्यांवर पोसली जाते. प्रथम काळे ठिपके दिसतात, पुढे धाग्यातले बळ जाते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे शीड पहिल्याच झोतासरशी उभे चिरते. त्यातून समुद्राचे मीठ हवेतील दमटपणा ओढून घेणारे, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड दिवसभर उन्हात वाळले तरी रात्री पुन्हा सर्द होते. गोड्या पाण्याने धुणे, वाळवणे आणि मगच गुंडाळणे, हा दर्यावर्दी लोकांचा दस्तूर याच कारणाने जगभर एकसारखा होता.

कोकणपट्टीवर ही अडचण अधिक बिकट, कारण येथे वर्षातले चार महिने आकाशच ओले असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि समुद्र खवळण्यापूर्वीच आरमाराने निवाऱ्याच्या बंदरात छावणी करावी अशी ताकीद त्यात आहे. ही ताकीद मुख्यतः तरांड्यांच्या रक्षणासाठी असली, तरी शिडांचे आयुष्यही या चार महिन्यांच्या विश्रांतीवरच अवलंबून होते, हे उघड आहे. मच्छीमार आणि व्यापारी नाखव्यांचाही क्रम याहून निराळा नव्हता. भरतीच्या रेषेच्या वर होडी ओढून घ्यावी, झावळ्यांनी तिची शाकारणी करावी, शीड परबाणावरून, म्हणजे ते बांधण्याच्या दांड्यावरून, सोडवून कोरड्या जागी न्यावे, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सारा सरंजाम बाहेर काढावा, असा तो वर्षाचा फेरा होता. लाकडाला माशाच्या तेलाचा हात, सांध्यांना राळ आणि तेल, आणि जाळ्यांना ऐनासारख्या झाडांच्या सालींचा काढा, अशी प्रत्येकाची औषधे ठरलेली होती. सालीतला तुरटपणा धाग्यात मुरला की बुरशीला तो मानवत नाही. हे रसायन कोळ्यांना शास्त्रज्ञांनी शिकविले नाही. शास्त्रज्ञच पुष्कळ उशिरा तेथे पोचले.

युरोपच्या उत्तरेकडील किनाऱ्यांवर हेच काम ओक वृक्षाच्या सालीने होत असे. परंतु तीच साल कातडे कमावणाऱ्यांनाही हवी असे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तिचा तुटवडा जाणवू लागला. तेव्हा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे या विषयाची चौकशी सोपविली, आणि सर जोसेफ बँक्स यांच्या सूचनेवरून त्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या काताची परीक्षा केली. १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील आकडे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मुंबईहून आलेल्या २०० ग्रेन कातात त्यांना १०९ ग्रेन टॅनिन मिळाले, बंगालच्या तितक्याच कातात ९७ ग्रेन. म्हणजे आपण ज्याला पानाच्या चुन्याचा सोबती एवढाच मान देतो, तो पदार्थ सुमारे निम्मा शुद्ध कषायद्रव्य ठरला. एक पौंड कात सात-आठ पौंड ओकच्या सालीचे काम करील, असा डेव्ही यांचा अंदाज होता.

हा शोध कातड्यासाठी लागला, पण एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठा लाभ इंग्लंडच्या मच्छीमारांनी उचलला. यार्मथ आणि लोस्टॉफ्ट येथे हेरिंग मासे धरणाऱ्या नौकांची जाळी कात उकळलेल्या प्रचंड तांब्याच्या कढयांत बुडविली जाऊ लागली. शिडे मात्र जमिनीवर अंथरून, त्यांवर काताचे पाणी कुंच्यांनी घासून मुरवावे लागे. काही ठिकाणी त्यात लाल काव आणि तेल मिसळत. डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅमच्या नौकांची आणि टेम्स नदीवरील मालवाहू बार्जांची जी तांबूस शिडे चित्रकारांना इतकी मोहक वाटली, त्यांचा रंग शोभेचा नव्हता. तो कापडाच्या औषधाचा रंग होता. राजाच्या आरमाराची शिडे पांढरीच राहिली. याची कारणे विद्वान निरनिराळी देतील. मला वाटते, सरकारी खजिन्यातून ज्याचे शीड बदलले जाते त्याला काढ्याचा वास सोसण्याची गरज नसते, आणि ज्याने ते स्वतःच्या पदरच्या पैशाने शिवून घेतले तो ते वर्षानुवर्षे टिकावे म्हणून हातपाय लाल करून घेतो.

या सर्व व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला खैराची जंगले होती. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी खंबायतहून मलाक्केस जाणाऱ्या मालात काताची नोंद केली आहे, आणि गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र संवाद लिहिला आहे. युरोपातले औषधविक्रेते मात्र त्यानंतरही दीर्घकाळ कातास जपानची माती समजत होते, ही विद्वत्तेची गंमत म्हणावी लागेल. ज्यांना तो काय आहे हे ठाऊक होते ते ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर राहणारे कातकरी. पावसाळा सरला की भट्ट्या लागत. खैराचे लालभडक गाभ्याचे लाकूड कुऱ्हाडीने बारीक फोडून मडक्यांत उकळावयाचे, तो अर्क गाळून पुन्हा आटवावयाचा, आणि दाट झालेला रस थापून त्याच्या वड्या वाळवावयाच्या, हे काम सारे कुटुंब मिळून करी. पुढे १८७८ च्या कायद्यानुसार जंगले राखीव होत गेली, खैर तोडण्याची मुभा परवान्याच्या आणि मक्त्याच्या अधीन झाली, आणि ज्या जमातीला काताने नाव दिले तिला कोळशाच्या भट्टीवर आणि विटांच्या भट्टीवर मजुरी शोधावी लागली. परदेशी बाजारात तेव्हा काताची मागणी मुळीच घटली नव्हती. ब्रह्मदेशातून त्याचे गठ्ठे जहाजांत चढत होतेच. जंगलाचा बंदोबस्त करणाऱ्यांनी महसुलाचा विचार केला, कारागिराचा केला नाही, असेच म्हणणे भाग आहे.

क्रीडानौकांचा प्रघात वाढला तसा या विद्येला एक नवा फाटा फुटला. १८५१ साली ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने काऊज येथे इंग्लंडच्या नौकांना हरविले तेव्हा तिची शिडे घट्ट विणीच्या सुती कापडाची होती, आणि पुढे श्रीमंतांच्या नौकांवर तशीच शुभ्र शिडे मिरवू लागली. त्यांना काताचा डाग चालेना. म्हणून शीड उतरताच त्यावर जाड कॅनव्हासचे आच्छादन घालण्याची पद्धत रूढ झाली, आणि मग त्या आच्छादनाचीच निगा राखण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी लंडननजीक विल्सडेन येथे तांबे आणि अमोनिया यांच्या द्रावणातून काढलेला हिरवट कॅनव्हास तयार होऊ लागला, तो सहसा कुजत नसे. तरीही चांगला खलाशी आच्छादन आवळून बांधत नसे. खालून वारा खेळेल एवढी फट तो राखीत असे, कारण कोंडलेली वाफ पावसापेक्षा घातक.

१९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा सिद्ध केला, आणि पुढच्या दशकात त्याची शिडे समुद्रावर आली. बुरशीला हा धागा खाता येत नाही. त्याला झिजविते ते ऊन. आच्छादने म्हणून आजही घातली जातात, पण पूर्वी ती पाऊस अडविण्यासाठी होती, आता सूर्य अडविण्यासाठी आहेत. आपल्या किनाऱ्यावर तर त्याच सुमारास यंत्रे आली आणि शीडच हळूहळू निरुपयोगी झाले. नायलॉनच्या जाळ्यांनी सालीच्या काढ्याची कढईही विझविली. खैर अद्याप तोडला जातो, चिपळूण तालुक्यात सावर्ड्याच्या बाजूला कात अद्याप तयार होतो, पण तो जातो पानाकडे.

कोकणातील एखाद्या घराच्या माळ्यावर जुने सुती शीड अजून पडून असेल, तर त्या घरच्या मंडळींना एवढीच विनंती आहे: ते सोड्याने धुऊ नये आणि प्लास्टिकमध्ये बांधू नये, कोरड्या दिवशी सावलीत पसरून त्यास हवा द्यावी, घड्या न घालता लाकडी दांड्यावर सैल गुंडाळावे, आणि ते कोणी शिवले, कोणत्या नाखव्याने वापरले व त्याला कशाचा काढा दिला जात असे, हे घरातील वृद्धांना विचारून, कागदावर उतरवून शिडासोबतच ठेवावे.