राजवाडा कुणाच्या नावावर?

मागच्या महिन्यात आमच्या गटांची सहल रत्नागिरीला गेली होती. पावस झालं, रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन झालं आणि दुपारी आम्ही थिबा राजवाड्यात शिरलो.

वाडा लाल रंगाचा. उतरती छपरं, लाकडावर कोरीवकाम, अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा. समोर खाली खाडी आणि लांबवर समुद्र. सगळ्याजणी फोटो काढत होत्या. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक आजी मला म्हणाल्या, "बाई, एवढा मोठा वाडा, हा नावावर कुणाच्या होता?"

आजींना मी तिथे जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ साली तो गादीवर आला. तिकडच्या सागवानावर इंग्रजांच्या व्यापाऱ्यांचा डोळा होता. राजाच्या दरबाराने लाकूडतोडीवरून एका इंग्रज कंपनीला मोठा दंड केला. तेच निमित्त करून १८८५ साली इंग्रजांनी चढाई केली. थोड्याच दिवसांत मंडालेची राजधानी पडली. राजा, राणी सुपायालत, धाकटी राणी आणि लहान मुली यांना बोटीत बसवून आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती. यायचं ते बोटीने, नाहीतर घाट उतरून. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायला ही जागा बरी.

उलट बाजूही ऐका. त्याच्या आधी २८ वर्षं इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला धरून रंगूनला नेलं होतं. इकडचा बादशहा तिकडे मेला, तिकडचा राजा इकडे.

२४ वर्षं हे कुटुंब इथे बंगल्यांत राहिलं. १९१० साली वाडा तयार झाला. तो सरकारने बांधला आणि सरकारचाच राहिला. राजाला तनखा मिळे, पण तो पुरत नसे. कर्ज झालं, अंगावरचे दागिने विकले गेले. बाहेर जायचं तर परवानगी लागे. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. त्याने मायदेश पुन्हा पाहिला नाही.

आजी म्हणाल्या, "म्हणजे हा तुरुंगच की." मी म्हटलं, हो, नक्षीचा तुरुंग.

१९१९ साली राणीला मुलींसह ब्रह्मदेशी जाऊ दिलं. पण थोरल्या राजकन्येची गोष्ट वेगळी. घराण्याच्या चाकरीतल्या एका मराठी द्वारपालापासून तिला १९०६ साली मुलगी झाली होती. तो आधीच लग्न झालेला. थोरली पुढे लेकीला घेऊन रत्नागिरीला परतली आणि १९४७ साली इथेच वारली. ती लेक म्हणजे टूटू. राजाची नात, पण बोलायची मराठी. तिने इथल्याच माणसाशी लग्न केलं. कागदाची फुलं करून विकली, शेणी थापल्या, मुलंबाळं वाढवली. २००० साली ती गेली.

वाड्यापासून थोड्या अंतरावर राजाची समाधी आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. राजाची आठवण देशाला झाली. शेणी थापणाऱ्या नातीच्या वाट्याला मात्र ना वाडा आला, ना दागिना. तिने पोट भरलं ते स्वतःच्या दोन हातांवर.

परतीच्या एसटीत आजींचा प्रश्न सगळ्यांनी उचलला. मी विचारलं, घराच्या उताऱ्यावर तुमच्यापैकी कुणाचं नाव आहे? बावीस जणी होतो. तीन हात वर झाले. माझा हात खालीच होता.

घर पतिपत्नी दोघांच्या नावे लावण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करता येतो. सहलीहून आल्यावर पहिला अर्ज मी माझाच लिहिला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा घेऊन यायचं ठरलंय. आजींनी तर आल्या आल्याच काढून आणला. नाव अजून सासऱ्यांचं आहे.

तुम्हीही रत्नागिरीला गेलात तर वाडा जरूर बघा. रंगीत काचा बघा, खाडी बघा. आणि घरी आल्यावर आपला उतारा बघा.