रमणा, माळ आणि कागदावरचं जंगल

इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. दोन्हीकडे पवारांच्या गाद्या. देवासला तर एकाच गावात दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. या घराण्यांच्या लढायांबद्दल आणि दरबारांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, कुमार गंधर्वांमुळे देवासही घरोघरी माहीत झालं. त्यांच्या रानांचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

सरकारी वन अहवाल उघडला की पहिल्यांदा नवल वाटतं. धार जिल्हा आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, पण झाडीखालची जमीन शंभरात जेमतेम आठ. देवास त्याहून लहान, सात हजारांच्या आसपास, आणि तिथे मात्र चौथा हिस्सा जंगल! मग देवासच्या पवारांनी रान राखलं आणि धारच्यांनी तोडलं, असं म्हणायचं का? तसं नाही. आजच्या देवास जिल्ह्यातलं दाट सागवान आहे ते दक्षिणेला, कन्नोद-खातेगावच्या बाजूला, विंध्याच्या उतारावर. तो मुलूख देवासचा नव्हताच, होळकरांचा होता. धारचंही तेच. चिखलदा होळकरांकडे, आणि अमझेरा-सरदारपूर-बाग हा भाग शिंद्यांकडे. 28 मे 1948 ला मध्यभारत राज्य झालं, तेव्हा हे सगळे तुकडे जोडून जिल्हे शिवले गेले. गोधडीच म्हणा. त्यामुळे जुन्या संस्थानाचा आकडा आणि आजच्या जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवून ‘जंगल वाढलं, जंगल घटलं’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, की बाबा, हद्द कुठली धरलीस?

पण घटलं, यात शंका नाही. 1617 साली जहांगीर बादशहा मांडूला मुक्कामाला होता. त्या भागात नूरजहाँने सहा गोळ्यांत चार वाघ मारले, अशी नोंद बादशहाने स्वतः लिहून ठेवली आहे. शिकारीच्या गोष्टीत आपल्याला कसली गोडी, पण त्यातून एक कळतं. चार वाघ एका जागी सापडायचे, तर त्यांना खायला हरणं-डुकरं किती असतील, आणि त्या हरणांना लपायला रान केवढं असेल! आज मांडूला सहलीला गेलं की महाल दिसतात, पावसाळी धुकं दिसतं आणि गोरखचिंचेची ती पोटफुगी झाडं दिसतात. ती झाडंसुद्धा मूळची इथली नाहीत, आफ्रिकेतून आलेली.

संस्थानी काळात रान राखलं जाई ते राजाच्या शिकारीसाठी. त्याला रमणा म्हणत. रमण्यात भिल्लाने लाकूड तोडलं तर गुन्हा. पुढे 1870 च्या दशकात होळकरांनी कर्ज दिल्यामुळे खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली, आणि लाकडाला दूरचं गिऱ्हाईक मिळालं. रुळांखाली लाकूड, इमारतीला लाकूड, शहरातल्या चुलीला कोळसा. रान तोडणाऱ्याचा हात भिल्लाचा असे. वखार मात्र व्यापाऱ्याची.

इथे, मैत्रिणींनो, आपण जरा थांबायला हवं. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी आपल्या आचारग्रंथांत आहे. त्यात अगदी सुरुवातीला येतात ते अंगारकर्म आणि वनकर्म, म्हणजे कोळसा पाडणं आणि रान तोडून विकणं. हे नियम सांगणारे आचार्य वखारी उघडण्याच्या कितीतरी शतकं आधीचे. आणि तरीही माळव्यात लाकडाच्या, कोळशाच्या, बिडीपत्त्याच्या व्यापारात आपली माणसं होतीच. व्रत घरातल्या ताटापुरतं पाळलं गेलं. रात्री न जेवणाऱ्या घराची चूल कुठल्या रानावर पेटत होती, हे विचारायची बायकांना सोय नव्हती. आता आहे.

स्वातंत्र्यानंतर शेती वाढली, मग सोयाबीन आलं आणि पडीक, कुरण, माळ सगळं नांगराखाली गेलं. कूपनलिका खोल खोल गेल्या. 1990 साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं. दोष एकट्या जंगलतोडीचा नाही, बेसुमार उपशाचा जास्त. पण उघड्या टेकडीवरून पाणी थांबत नाही, हे तर आपल्याला अंगणातही दिसतं.

या सगळ्यात मला आठवतो तो मॉरिशस. आपले मराठी लोक ऊसमळ्यांवर काम करायला तिथे गेले आणि तिथलेच झाले. ते बेट आपल्या धारच्या चौथ्या हिश्श्याएवढं. 1638 मध्ये डच तिथे वसले आणि काळ्या एबनी लाकडासाठी कुऱ्हाड चालली. फ्रेंच कारभारी प्वाव्र याने 1769 मध्ये जमिनीचा चौथा हिस्सा वनाखाली ठेवण्याचा नियम घातला. केवढी पुढची दृष्टी! पुढे इंग्रज आले, आणि उसाने ती खाऊन टाकली. आज तिथलं मूळचं चांगलं रान शंभरात दोनसुद्धा उरलेलं नाही. अहवालात मात्र जंगल त्याहून बरंच दिसतं, कारण लावलेली पाईनची झाडंही त्यात मोजतात.

आपल्याकडेही मोजणी तशीच. एक हेक्टर जमिनीवर शंभरात दहा भाग सावली असली की ते वनाच्छादन. मग ती आमराई का असेना! आणि उलट बाजूने, गवताचा माळ कितीही जिवंत असला तरी शून्य. धारच्या सरदारपूरला असाच माळ आहे. मोहनखेड्याच्या यात्रेला आपण जातो, त्याच तालुक्यात. आपल्याकडे ज्याला तणमोर म्हणतात, तो पक्षी तिकडे खरमोर. त्याच्यासाठी 1983 साली तिथे अभयारण्य झालं, 348 चौरस किलोमीटरचं. कागदावर एवढं मोठं, पण त्यात लोकांची शेतंही आली, आणि जमिनीची खरेदी-विक्री अडून बसली. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला स्वतःची जमीन विकता येत नव्हती, तर त्या घरातल्या बाईला पक्ष्याबद्दल माया कुठून वाटावी? आणि पक्षीही राहिला नाहीच फारसा. 2018 च्या सुमाराच्या पाहणीत, वीसेक वर्षांत देशभरातले ऐंशी टक्के तणमोर गेले, असं निघालं.

देवासकडे 1955 चं खिवनी अभयारण्य आहे. तिथे सागवान आहे आणि अधूनमधून वाघाची वार्ताही येते, म्हणून तिथे माणसं जातात. सरदारपूरच्या माळावर बघायला काय आहे? पावसाळ्यात गुडघाभर गवत, आणि नशीब असेल तर त्यातून सरळ वर उडी मारणारा काळा-पांढरा नर. मादीला हाक द्यायला तो दिवसात शेकडो वेळा तशी उडी मारतो. घरटं शेतात सापडलं आणि शेतकऱ्याने ते राखलं, तर वन खातं त्याला बक्षीस देतं.