हबवरचा आकडा, पावतीवरचा जिल्हा

कॅम्पबेलच्या १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरात सायकल शोधणे व्यर्थ आहे. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर सेफ्टी' खुद्द इंग्लंडातच १८८५ ची. पुढे १९६२ चे जळगाव आणि १९७४ चे धुळे गॅझेटियर निघाले, तोवर सायकल इतकी अंगवळणी पडलेली की तिच्या हबचा मेक टिपून ठेवण्याची कुणाला गरज वाटणार? मधल्या काळासाठी हाताशी उरतात दोन साधने: घरोघरच्या ट्रंकांतल्या पावत्या-परवाने आणि भंगारात किलोवर विकली जाणारी चाके. मला यातले दुसरे साधन अधिक बोलके वाटते, फक्त ते सांगते तेवढेच ऐकायला हवे.

सर्वांत सोपी ओळख तीन गिअरच्या हबची. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा कारभार १९०२ चा, पण जुन्या बाजारात हाती लागतो तो बहुधा 'एडब्ल्यू' हा नमुना, १९३६ पासूनचा. त्याच्या कवचावर तेलाचे छोटे टोपण असते आणि नमुन्याच्या अक्षरांजवळ ठोकलेला आकडा. काजळी पुसून तिरप्या उजेडात धरला की तो दिसतो. नुसता '८' असेल तर साल १९३८. युद्धानंतरच्या हबवर सालाचे दोन आकडे येतात, पुढे जोडीला महिनाही. '५२' आणि '७' दिसले तर जुलै १९५२. बावन्नावा महिना नसतो, त्यामुळे क्रम उलटा असला तरी घोटाळा होत नाही.

हे साल मात्र कवचाचे. आतले दातेचक्र आणि पॉल नावाच्या खिट्ट्या दुसऱ्या एडब्ल्यूमधून काढून बसवता येतात. आस आणि तिच्यावरचे शंकूसारखे कोन तर बदलतातच. चाक त्या सालाआधी विणलेले नाही, इतकेच खात्रीने म्हणता येते. सायकल त्याच साली घेतली, असे विकणारा ठासून सांगतो. ते त्याचे कामच आहे.

साध्या हबला असा जन्मदाखला नसतो. तिथे नाव, देश आणि आऱ्यांची भोके बघायची. तीन बंदुका एकमेकींना टेकवलेल्या दिसल्या तर बीएसए, म्हणजे मूळची बर्मिंगहॅमची शस्त्रे बनवणारी कंपनी. पण नावावर भिस्त ठेवू नये. 'हर्क्युलिस' बर्मिंगहॅमलाही बनत होती आणि १९५१ पासून मद्रासजवळच्या अंबत्तूरलाही. रॅले नॉटिंगहॅमची, तिची भारतीय शाखा सेन-रॅले आसनसोलची. म्हणून 'मेड इन इंग्लंड' ही ओळ मेकच्या नावापेक्षा महत्त्वाची. मालाच्या मुलखाबाबत गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये यासाठी हिंदुस्थानात १८८९ पासून कायदा होता. भोके पुढे ३२, मागे ४० अशी निघाली तर इंग्लिश रिवाज, आणि आपल्या काळ्या बावीस इंची सायकलनेही तोच उचलला. दोन्हीकडे ३६ असतील तर घराणे वेगळे असण्याचा संभव मोठा.

आता कागद. १९०६ मध्ये खानदेशाची फाळणी झाली. जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले, धुळे पश्चिम खानदेशाचे. १९६० नंतर जिल्ह्यांना या शहरांचीच नावे मिळाली. त्यामुळे पावतीच्या माथ्यावर 'जि. पूर्व खानदेश' छापलेले असेल तर दोन टोके हाती येतात. रक्कम रुपये-आणे-पैत असेल तर अलीकडचे टोक १ एप्रिल १९५७ पर्यंत मागे सरकते; 'नये पैसे' असतील तर तारीख त्यानंतरची, आणि १९६४ च्या जूनपासून तो 'नये' गळालेला. १९०१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना वाहनांवर कर बसवता येत होता, तेव्हा सायकलच्या करपावत्यांनाही हीच कसोटी लावता येते.

पण दुकानदार छापील पावतीपुस्तक सहसा फेकत नाही. जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही जुने पुस्तक संपेपर्यंत चालले असणार. म्हणून माथा आणि हाताने लिहिलेली रक्कम यांत तंटा झाला तर मी रकमेच्या बाजूने उभा राहीन. आण्यांतली पावती आणि '६२' ठोकलेला हब एकाच सायकलबरोबर आले, तर पावती खोटी ठरत नाही. मागचे चाक नंतर बदलले, एवढाच निष्कर्ष निघतो. अस्सल कागदासाठी आयुष्यभर पायपीट करणाऱ्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. त्या गावात तरी कागदाची उलटतपासणी कुणाला जाचक वाटू नये.

खरी अडचण दुरुस्तीत आहे, कारण साफसफाईच पुरावा पुसते. तारेचा ब्रश आणि नवे निकेल, दोन्ही त्या बारीक आकड्याचे वैरी. रॉकेलमध्ये भिजवावे, फडक्याने पुसावे आणि उघडण्याआधी फोटो काढून ठेवावा. साध्या हबमध्ये पुढे बहुधा ३/१६ इंची दहा-दहा छर्रे असतात, मागे पाव इंची नऊ-नऊ. कमीजास्त निघाले तर आधी कुणाचा तरी हात लागून गेला आहे. छर्रे बदलायचे तर सगळेच. जुन्यात चार नवे मिसळले की भार त्या चारांवरच येतो. कोनच्या वाटेवर खड्डे असतील तर कोन बदलावा, मात्र आटे जुळवून: इंग्लिश आसेला इंचाला २६ आटे. काढलेला कोन चिठ्ठी बांधून सायकलबरोबरच ठेवावा.

एडब्ल्यूच्या टोपणातून ग्रीस कोंबू नये. आतल्या पॉलना पातळ तेल लागते. चिकट वंगणात खानदेशातली धूळ मिसळली की ते अडकून बसतात आणि गिअर सुटतो. केबल लावताना दुसऱ्या गिअरला गिअरच्या बारीक साखळीच्या दांडीचे टोक आसेच्या टोकाशी समपातळीत आणावे. नटाच्या खिडकीतून ते दिसते.

दिव्यासाठी वीज तयार करणाऱ्या डायनो हबला तर पाना लावण्याआधी थांबावे. तोही १९३६ पासूनचा. त्याच्या चुंबकाच्या कड्यातून मधले वेटोळे बाहेर काढताना त्या जागी लोखंडी कडे सरकवले नाही, तर चुंबक आपली ताकद गमावतो आणि परत जोडल्यावर दिवा मिणमिणतो. तेव्हा मंद दिव्यावरून हबचे वय काढू नये. असा हब बहुधा मधे कधीतरी, कडे न लावताच, कुणीतरी उघडलेला असतो.