तेलंगणातील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये

तेलंगण राज्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये ३ राष्ट्रीय उद्याने व ९ अभयारण्ये आहेत. तिन्ही उद्याने मिळून २० चौ. किमी. सुद्धा भरत नाहीत. अभयारण्यांचे क्षेत्र मात्र सुमारे ५,६७३ चौ. किमी. आहे. शिवाय ही तिन्ही उद्याने हैदराबाद शहरात किंवा त्याच्या वेशीवर आहेत. वाघ, रानगवा, अस्वल, कोळसुंदे ज्या रानांत आहेत, त्यांतल्या एकालाही हा दर्जा नाही. त्यामुळे या राज्यात नुसत्या दर्जावरून रानाची पारख करू गेल्यास फसगत होते.

कारण कायद्यातच आहे. राष्ट्रीय उद्यान पक्के करण्यापूर्वी आतल्या जमिनीवरचे लोकांचे सारे हक्क मिटवावे लागतात आणि नंतर गुरे चारण्यास मज्जाव असतो. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. निजामाच्या शिकारीच्या राखीव रानात दावा सांगणारे फारसे कोणी नव्हते, तेव्हा शहरालगतचे हे तुकडे सहज उद्याने झाले. अदिलाबादच्या सागवनात गोंड, कोलाम व नायकपोड, गोदावरीकाठी कोया आणि नल्लमलाच्या डोंगरात चेंचू पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. तिथे हक्क मिटवणे इतके सोपे नव्हते.

हैदराबादची उद्याने : महावीर हरिण वनस्थळी हे तिघांत मोठे (१४.५९ चौ. किमी.). जामबाग, कोठी, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्तीच्या भागातून ते पंधराएक किलोमीटरवर, विजयवाड्याच्या हमरस्त्याला लागून आहे. जामबागेतल्या विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या आवारातून निघून उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर मेट्रो धरली की एल. बी. नगरपर्यंत बसून जाता येते, पुढे रिक्षा. महावीरांच्या २,५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये येथे हरिणवन झाले आणि १९९४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधी ही निजामाची शिकारीची जागा होती.

येथे पाहायचे ते काळवीट. सकाळी ऊन चढायच्या आत गेल्यास नर आपापल्या टापूत उभे दिसतात : पाठ काळी, पोट पांढरे, डोळ्याभोवती पांढरे कडे, शिंगांना मळसूत्री पीळ. टापूची हद्द लेंड्यांच्या ढिगांनी ठरते. नर रोज त्याच ठिकाणी लेंड्या टाकतो, शिवाय डोळ्यापुढच्या ग्रंथीतला स्राव गवताच्या काड्यांना पुसून ठेवतो. दुसरा नर आत शिरला की मान वर, नाक पुढे आणि शिंगे पाठीला टेकवून यजमान त्याच्याकडे चालत जातो. बहुतेक वेळा पाहुणा तेवढ्यावरच परततो. माद्या व पिल्ले पिवळसर तपकिरी असतात, कळपाने चरतात आणि दचकल्या की जागच्या जागी उंच उड्या घेतात. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. झुडपे माजली की तो मागे हटतो आणि चितळाचे फावते. अशा ठिकाणी नुसती झाडे लावत सुटणे म्हणजे काळविटाच्या पोटावर पाय देणे होय. सरकारी वृक्षारोपणाच्या उत्साहात हे ध्यानात राहत नाही.

जुबिली हिल्सचे कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान दीड चौ. किमी. पेक्षाही लहान आहे. त्याच्या आवारात निजाम घराण्याचा चिरान पॅलेस आहे. १९९८ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. नाव आंध्र प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्यांचे. मोर, मुंगूस, साप व शेकड्याने पहाटफेरी करणारे लोक हे येथले नित्याचे जीव. उद्यानाभोवतालच्या उड्डाणपुलांसाठी झाडे तोडण्यावरून २०१६ पासून नागरिक व सरकार यांच्यात तंटा चालू आहे. चिलकूरचे मृगवनी (१९९४, सुमारे ३.६ चौ. किमी.) चितळ व सांबरांसाठी राखलेले आहे. गर्दी मात्र शेजारच्या बालाजी मंदिरात, परदेशाचा व्हिसा मागणाऱ्यांची.

पाणथळीची अभयारण्ये : संगारेड्डीजवळचे मंजिरा अभयारण्य (१९७८, सुमारे २० चौ. किमी.) मराठी वाचकाला परके वाटू नये. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगवून लातूर-धाराशिवकडून बीदरमार्गे येणारी मांजरा तीच ही. सिंगूर धरण व मंजिरा बंधारा यांच्यामधल्या पात्रात खडकांवर आ वासून ऊन खाणाऱ्या मगरी दिसतात, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. हैदराबादला पिण्याचे पाणी याच जलाशयातून गेल्याने काठ बऱ्यापैकी राखले गेले. नळाच्या पाण्याने मगरी वाचवल्या, असे म्हणायला हरकत नाही. मेदक-कामारेड्डीकडचे पोचारम (१९५२; १३० चौ. किमी.) हेही निजामाचे शिकारक्षेत्र. तिथला तलाव १९१६ ते १९२२ दरम्यान बांधला गेला. मंथनीजवळ गोदावरीकाठी शिवारम (१९७८; सुमारे ३० चौ. किमी.) आहे, तेही मगरींचेच.

अमराबाद : कृष्णेच्या उत्तर तीरावरचा नल्लमलाचा भाग. १९८३ पासून तो नागार्जुनसागर-श्रीशैलम व्याघ्र प्रकल्पात होता. २०१४ मध्ये तेलंगण आंध्र प्रदेशापासून वेगळे झाल्यावर नदी हीच हद्द ठरली आणि अलीकडचे रान अमराबाद व्याघ्र प्रकल्प म्हणून निराळे झाले. क्षेत्र २,६११ चौ. किमी., पैकी सुमारे २,१६६ चौ. किमी. गाभा. २०२२ च्या गणनेत राज्यात २१ वाघ मोजले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक येथले. चेंचूंच्या वस्त्यांना पेंटा म्हणतात. मध काढणे, कंदमुळे खणणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. आता वनखात्याच्या छावण्यांत पहारेकरी म्हणूनही ते काम करतात. २०१९ मध्ये येथे युरेनियमचा शोध घेण्याची गोष्ट निघाली तेव्हा चेंचू, शहरी कार्यकर्ते व राजकीय पक्ष एकत्र आले आणि विधिमंडळाने विरोधाचा ठराव एकमताने केला. हैदराबाद-श्रीशैलम रस्ता या रानातून जातो. रात्री ९ ते सकाळी ६ तो वाहनांना बंद असतो. श्रीशैलमला निघालेले मराठी यात्रेकरू मन्ननूरच्या नाक्यावर अडकतात ते यामुळे.

पूर्वेकडील अभयारण्ये : पाखाल, एटूरनागारम व किन्नेरसानी ही गोदावरीच्या उजव्या अंगाची राने. पाखालचा तलाव काकतीय राजा गणपतिदेवाच्या काळातला, तेराव्या शतकाचा. एटूरनागारमच्या रानात दर दोन वर्षांनी माघात मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा भरते. लाखो माणसे व गाड्या रानातून वाहतात. याच टापूत ताडवाईजवळ ३१ ऑगस्ट २०२४ रोजी वावटळीने पन्नास हजारांहून अधिक झाडे उन्मळून पडली. किन्नेरसानी (१९७७, ६३५ चौ. किमी.) हे पाल्वंचाजवळच्या धरणाभोवती आहे.

कवाल व सीमेवरचे वाघ : १९६५ चे जन्नारमचे कवाल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, गाभा सुमारे ८९२ व बफर १,१२३ चौ. किमी. सागाचे रान चांगले, चितळ-नीलगाय पुरेशी, तरी गाभ्यात वाघ ठरून राहत नाही. जो येतो तो महाराष्ट्रातून. ताडोबा-अंधारी व टिपेश्वर भरले की तरुण नर पैनगंगा, वर्धा किंवा प्राणहिता ओलांडून येतात. २०२४ च्या हिवाळ्यात किनवटकडून आलेला जॉनी नावाचा वाघ मादीच्या शोधात अदिलाबाद-निर्मलमधून शेकडो किलोमीटर भटकला आणि वाटेत नागपूर-हैदराबाद महामार्गही ओलांडून गेला. फाल्गुणा ही वाघीण कागजनगरच्या रानात रमली व तिथे व्याली; हे रान अभयारण्यात नाही. बेज्जूरजवळ प्राणहितेच्या खोऱ्यातल्या पालरापू कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत २०१३ मध्ये आढळली. नदीपलीकडे गडचिरोली आहे आणि तिथून उडून आलेल्या गिधाडाला राज्याची सीमा दिसत नसते. याच नदीच्या पश्चिम काठाने प्राणहिता अभयारण्य (१९८०, १३६ चौ. किमी.) पसरले आहे, काळविटांसाठी ते ओळखले जाते.

कवालच्या गाभ्यातील मैसमपेट व रामपूर ही गावे २०२४ मध्ये उठवून कडेम मंडलात बाहेर वसवली गेली. कागजनगरच्या रानातला वाघांचा येण्याजाण्याचा मार्ग राखण्यासाठी सरकारने मे २०२५ मध्ये ‘कुमुरम भीम संवर्धन राखीव’ जाहीर केले. पोडू (जंगल तोडून केलेली फिरती) शेती व जमिनीचे हक्क जातील या धास्तीने आदिवासी संघटनांनी बंद पुकारला आणि जुलैमध्ये तो आदेश स्थगित झाला. गोंड नेता कुमुरम भीम याने ‘जल, जंगल, जमीन’ म्हणत निजामाच्या वनकायद्याविरुद्ध लढा दिला आणि १९४० मध्ये तो जोडेघाटात मारला गेला. राखीव रानाला त्याचेच नाव देण्यातली विसंगती आंदोलकांनीच आधी हेरली होती.