घुमणारा बेस

घुमणारा बेस : घरगुती स्टीरिओवर गाणे लावले असता खर्जातले, म्हणजे साधारण 20 ते 200 हर्ट्झमधले, काही स्वर प्रमाणाबाहेर फुगून खोलीत रेंगाळण्याचा दोष. ढोलाचा ठोका तुटक ऐकू न येता लांबतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात. खापर स्पीकरवर फुटते, पण मूळ बहुतेक वेळा खोलीत असते.

समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढे असते, तो स्वर त्यांच्यात आपटत राहून स्थिर तरंग तयार होतो. ध्वनीच्या वेगाला (सेकंदाला सुमारे 343 मीटर) त्या अंतराच्या दुपटीने भागले की हा स्वर सापडतो. 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर रुंदीच्या दिवाणखान्यात तो 56 हर्ट्झच्या आसपास येतो. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार 55 हर्ट्झची असते. त्यामुळे ती छेडली जाताच खोली दणाणते, आणि पुढची 73 हर्ट्झची ‘डी’ तार त्या मानाने पुसट वाटू शकते. छतही 10 फुटांवर असेल तर एकाच स्वराला दोन दिशांनी जोर मिळतो. म्हणून घनाकृती खोली सर्वांत त्रासदायक. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती खर्ज जवळजवळ पूर्ण परतवतात, तर लाकडी सांगाड्यावरच्या हलक्या भिंती त्यातला काही भाग शोषतात किंवा बाहेर जाऊ देतात. त्यामुळे लाकडी घरांसाठी लिहिलेले सल्ले येथे अपुरे पडतात.

एका मर्यादेखाली खोलीचे असे सुटे स्वर वरचढ ठरतात, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी 1954 मध्ये मांडले. घरगुती खोल्यांत ही मर्यादा साधारण 200 हर्ट्झजवळ असते.

उपायांत पहिला मान जागाबदलाचा, आणि त्याला खर्च नाही. स्पीकर भिंतीलगत असेल तर खर्ज तत्त्वतः 6 डेसिबलपर्यंत चढतो, कोपऱ्यात 12 पर्यंत. दोन-तीन फूट पुढे ओढला तरी फरक कानाला कळतो. ऐकणाऱ्याची जागाही तितकीच महत्त्वाची. स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो, त्यामुळे मागच्या भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर घुमणे कमाल ऐकू येते. खोलीच्या बरोबर मध्यावर उलट काही स्वर नाहीसे होतात. लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर बसावे, हा प्रचलित अंदाज सुरुवातीला पुरतो. स्पीकरच्या खोक्याला हवेचे भोक असल्यास त्यात फोमचा बोळा घालून खर्ज कमी करता येतो.

भिंतीवर चिकटवायचे इंचभर जाडीचे फोम या कामी निरुपयोगी आहेत. 50 हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ 7 मीटर असते; एवढ्या पातळ थराचा तिच्यावर परिणाम होत नाही. कोपऱ्यात आडवे लावलेले रॉकवूलचे 4 ते 6 इंच जाडीचे फलक वरच्या खर्जाला आवरतात. अगदी खालच्या स्वरांसाठी हेल्महोल्ट्झ तत्त्वावरची, त्याच स्वराला जुळवलेली पेटी लागते.

इक्वलायझर फुगलेला स्वर खाली आणू शकतो, पण नाहीसा झालेला स्वर परत आणू शकत नाही. तेथे आवाज वाढवला तर अँप्लिफायरवर फुकट ताण येतो. म्हणून आधी सोफा आणि स्पीकर हलवून पाहावेत, इक्वलायझरला हात शेवटी लावावा.