केंद्राचा संशोधन निधी आणि सीमाभाग : राज्याची रेघ कुठं आडवी येते, कुठं येत नाही

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की वाटेत कणकुंबी लागतं. खानापूर तालुक्यातलं हे गाव मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ यासाठी सगळ्यांना माहीत आहे. कळसा-भांडुरामुळं ते गेली वीस वर्षं बातम्यांतही आहे. इथून थोडं पुढं गेलं की कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात. २००७ मध्ये याच पट्ट्यातल्या देवगांडुळाच्या (पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर) दोन नव्या जाती शास्त्रीय नोंदीत आल्या. एकीचं ठिकाण बेळगाव जिल्ह्यातलं चोर्ला, दुसरीचं गोव्याच्या सत्तरीतलं केरी. त्याआधी २००३ मध्ये आंबोलीची तिसरी जात नोंदली गेली होती. डोंगर एकच, पण तिन्ही जातींच्या पत्त्यावर राज्यं तीन.

आता प्रश्न पैशाचा. खानापूर, बेळगाव, निपाणी किंवा चंदगडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला या डोंगरावर, इथल्या पाण्यावर किंवा इथल्या माणसांच्या आरोग्यावर काम करायचं असेल, तर केंद्राचा निधी मिळतो का? आणि तो कुठल्या राज्यातून मागायचा? मराठी शाळेत शिकलेला, कोल्हापुरात एम. एस्सी. केलेला आणि बेळगावात नोकरी करणारा माणूस या प्रश्नापाशी हमखास अडखळतो.

थोडक्यात उत्तर असं. केंद्राच्या स्पर्धात्मक संशोधन अनुदानात अर्जदाराची भाषा विचारत नाहीत आणि रहिवासी दाखलाही मागत नाहीत. तुम्ही कुठल्या संस्थेत नियमित नोकरीला आहात, एवढंच बघतात. पैसा त्या संस्थेच्या खात्यावर येतो. मात्र केंद्राचाच काही निधी राज्य सरकारच्या हातून खाली येतो आणि तिथं राज्याची रेघ पक्की असते. या दोन प्रकारांची गल्लत झाली की वर्ष फुकट जातं.

थेट केंद्राकडून येणारा पैसा

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधनासाठी आता मुख्य दार म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजेच एएनआरएफ. २०२३ च्या कायद्यानं ते उभं राहिलं आणि आधीचं 'सर्ब' त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा गाजली. त्यातला मोठा वाटा उद्योग आणि इतर बिगर-सरकारी स्रोतांतून यायचा आहे, हे मात्र बातम्यांत मागं पडतं.

यातल्या तीन योजना आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या कामाच्या आहेत. पहिली 'शुअर', खास राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी. सर्बच्या काळात ती सुरू झाली तेव्हा तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत अनुदान ठरलं होतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ (स्थापना २०१०), शिवाजी विद्यापीठ (१९६२) आणि गोवा विद्यापीठ (१९८५) या तिघांनाही ही चौकट लागू पडते. इथं स्पर्धा आयआयटीवाल्यांशी नसते, ही यातली मोठी सोय. दुसरी, नुकत्याच रुजू झालेल्या तरुण शिक्षकांसाठीचं प्रधानमंत्री अर्ली करिअर अनुदान, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत. रक्कम मोठी, तशी गर्दीही मोठी.

तिसरी 'टेअर', आणि माझ्या मते सीमाभागासाठी सगळ्यात उपयोगाची हीच. कॉलेजात प्रयोगशाळा नाही, मोजमापाची यंत्रं नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. या योजनेत राज्य विद्यापीठातला किंवा खासगी कॉलेजातला शिक्षक आपली नोकरी सांभाळून एखाद्या आयआयटीत किंवा राष्ट्रीय संस्थेत वर्षाला किमान ९० दिवस काम करतो. मूळ आराखड्यात शिक्षकाला वर्षाला ६० हजार रुपये फेलोशिप आणि ५ लाख रुपये संशोधन खर्च आहे. हा खर्च दोन्ही संस्थांत निम्मा निम्मा वाटला जातो. पाहुणी संस्था दुसऱ्या राज्यात असली तरी हरकत नाही.

आता नकाशा समोर ठेवा. धारवाडला आयआयटी आहे, गोव्यातही आहे, दोन्ही २०१६ च्या. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. खुद्द बेळगावात रूडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र १९८७ पासून आहे, कठीण खडकाच्या प्रदेशातलं पाणी हाच त्याचा विषय. शिवाय आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे. कणकुंबीच्या ओढ्यांत पावसाळ्यानंतर पाणी किती आठवडे टिकतं, हा प्रश्न घेऊन खानापूरच्या शिक्षकानं कुठं जायचं, याचं उत्तर पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे.

हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. म्हादई लवादानं ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात मलप्रभेकडे वळवण्यासाठी कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरातून २.१८ टीएमसी पाणी मंजूर केलं. तिन्ही राज्यांचे तज्ज्ञ आपापले आकडे घेऊन लवादापुढं भांडले. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत कणकुंबी-आमगावचं नाव येतं आणि तरीही उन्हाळ्यात इथल्या वाड्या-वस्त्यांना पाण्याची चणचण भासते. गावाच्या पातळीवरची, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी घेतलेली मोजणी ही जवळच्या कॉलेजानंच करण्याची गोष्ट आहे. त्यासाठी कोटी लागत नाहीत, 'शुअर' किंवा 'टेअर'एवढा पैसा पुरतो.

एक मोठी योजना 'पेअर' नावाची आहे. तीत नामवंत संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याभोवती काही विद्यापीठं, अशी रचना असते. एका जाळ्याला १०० कोटींपर्यंत निधी आणि त्यातला बराचसा भाग भोवतालच्या विद्यापीठांना. पण तिथं विद्यापीठाचं एनआयआरएफमधलं स्थान बघतात, एकट्या प्राध्यापकाचं तिथं काही चालत नाही.

आणि 'एक लाख कोटींचा संशोधन निधी' म्हणून जो संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो कॉलेजांसाठी नाही. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेली आरडीआय योजना खासगी उद्योगांना कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज आणि भांडवल देण्यासाठी आहे. तीत अनुदान शोधू नका.

राज्याच्या हातून येणारा पैसा

पीएम-उषा हे याचं ठळक उदाहरण. आधी रुसा होती, २०२३ पासून पीएम-उषा. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. विद्यापीठ बळकटीसाठी २० कोटी, कॉलेजासाठी ५ कोटी अशा पायऱ्या. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो, राज्यानं केंद्राशी सामंजस्य करार केलेला असावा लागतो. म्हणजे खानापूरच्या कॉलेजाचा प्रस्ताव बंगळूरमार्गे जाणार आणि चंदगडच्या कॉलेजाचा मुंबईमार्गे. दोघांमध्ये फक्त डोंगर आहे, तरी एकत्र प्रस्ताव करता येत नाही.

राज्यांचे स्वतःचे निधीही तसेच. कर्नाटकात व्हिजन ग्रुप ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजी, महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. दोन्ही आपापल्या राज्यातल्या संस्थांना पैसा देतात. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य विमा देतं, व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना जागा ठेवतं. त्यामुळं संशोधन निधीतही अशी काही सोय असणार असं अनेकांना वाटतं. पण ती सोय माणसाला आहे. संशोधन अनुदान संस्थेला मिळतं आणि बेळगावची संस्था ही कर्नाटकातली संस्था.

बेळगावात आलेला अमेरिकेचा सरकारी पैसा

इथल्या खेड्यांत झालेल्या संशोधनानं जगाचं धोरण हलवलं, असं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्यात अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा पैसा होता. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचनं, माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी 'ग्लोबल नेटवर्क' उभारलं. केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यात सुरुवातीपासून आहे. (बेळगावच्या जलविज्ञान संस्थेचं इंग्रजी लघुरूपही एनआयएचच. बातमी वाचताना कुठलं ते तपासून घ्यावं.)

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, हा प्रश्न. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना औषध नसलेल्या. देणाऱ्या होत्या गावातल्या नर्सबाई, कारण डॉक्टर आणि फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं इंजेक्शन तिथं नव्हतंच. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, गंभीर रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ वर. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, त्या निर्णयामागच्या पुराव्यांत बेळगावची चाचणी महत्त्वाची होती. याच जाळ्यात नागपूरचंही एक केंद्र आहे. ॲस्पिरिनची चाचणी (२०२०, सहा देश, जवळपास बारा हजार गर्भवती) दोन्हीकडे झाली.

अर्ज लिहिणाऱ्यानं या चाचणीत बघावं ते प्रश्नाची नेमकेपणा. एक औषध, एक मोजमाप, आणि ते देणारी व्यक्ती गावात आधीपासून कामाला. 'ग्रामीण आरोग्याचा सर्वांगीण अभ्यास' असं शीर्षक असतं, तर एवढा पैसा आला नसता.

परदेशी पैशाच्या अटी मात्र कडक आहेत. परकीय योगदान कायदा लागू होतो, आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमधल्या मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचनं परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणण्याचं जाहीर केलं. आरोग्याच्या विषयात देशातलंच दार ठोठावायचं असेल तर आयसीएमआरचं बाह्य संशोधन अनुदान आहे, लहान गटात २ कोटींपर्यंत.

नवउद्योगासाठी

इथं पैसा दिल्लीहून थेट येत नाही, मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत येतो. कल्पनेचा नमुना बनवायला निधी-प्रयास, १० लाखांपर्यंत. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅकचं बिग, दीड वर्षाला ५० लाखांपर्यंत. स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान. शेतीमालाच्या प्रक्रियेसाठी कृषी विकास योजनेतून कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि पुढं २५ लाख. यासाठी आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे धारवाड कृषी विद्यापीठाचं केंद्र. निपाणीला बिडी तंबाखूवर आणि संकेश्वरला उसावर काम करणारी संशोधन केंद्रंही याच विद्यापीठाची आहेत.

दोन राज्यांनी मिळून काही करता येतं का, याचं उत्तर कोल्हापुरी चपलेनं दिलंय. तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलं. २०१९ मध्ये ते मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि बेळगाव धरून कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. मानांकन म्हणजे अनुदान नव्हे, पण एका अर्जावर दोन राज्यं आली.

अर्जात कुठं अडतं

बहुतेक अर्ज विज्ञानात नापास होत नाहीत, हिशेबात होतात. साधं गणित बघा. ज्या योजनेत संशोधन सहायक ठेवता येतो, तिथं २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार धरावे लागतात. तीन वर्षांचे १३ लाख ९२ हजार, घरभाडं भत्ता वेगळा. ३० लाखांच्या अंदाजपत्रकात निम्मा पैसा एका माणसावर गेला, की उरलेल्यात यंत्र, प्रवास आणि रसायनं बसवायची. आधी यंत्राची किंमत लिहून मग माणूस बसवायला गेलं की आकडा फुगतो आणि छाननीत कात्री लागते.

दुसरी अडचण उपयोगिता प्रमाणपत्राची. आर्थिक नियमावलीतल्या १२-अ नमुन्यात ते दर वर्षी द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि सहायकाचा पगार थांबतो. कॉलेजच्या लेखा विभागातल्या माणसाला अर्ज लिहितानाच सोबत घेतलेलं बरं. प्राचार्यांची सही शेवटच्या दिवशी मागायला गेलेल्यांचे किस्से प्रत्येक कॉलेजात आहेत. योजनांच्या रकमा आणि वयोमर्यादा बदलतात, त्यामुळं अर्जाआधी चालू जाहिरात बघावीच लागते.

आणि डोंगरात काम करायचं असेल तर परवानग्या. निधी केंद्राचा असला तरी जंगल राज्याचं. कणकुंबीच्या बाजूला भीमगड अभयारण्य (२०११) कर्नाटक वनखात्याकडे, पलीकडे म्हादई अभयारण्य (१९९९) गोव्याकडे आणि तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र (२०२०) महाराष्ट्राकडे. तिन्ही ठिकाणी नमुने घ्यायचे तर तीन अर्ज, तीन कार्यालयं, त्यातलं एक कन्नडमधून. परवानगीला काही महिने जातात आणि पाऊस जूनमध्ये सुरू होतो. पावसाळ्यातलं मोजमाप हवं असेल, तर वनखात्याचे अर्ज आदल्या दिवाळीलाच द्यायला लागतात, निधी मंजूर झालेला असो वा नसो.